चार नंबरचा हरभरा आणि मामाजी

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढा संशय असेल, त्यातला निम्मा एकट्या माझ्या मामासासऱ्यांकडे होता आणि उरलेला निम्मा त्यांनीच लोकांच्या मनात पेरलेला होता. माझ्या बायकोचे हे थोरले मामा. मूलहून गडचिरोलीकडे जाताना वैनगंगेच्या अलीकडे त्यांचं गाव. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. अंगाने वाळलेले, मान किंचित कलती, आणि समोरचा बोलत असला की एक डोळा बारीक करून ऐकायची सवय. नवीन माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला नीट दिसत नसावं. उलट त्यांना जरुरीपेक्षा जास्त दिसायचं. ज्या एसटीने ते उभा जन्म मूलच्या बाजाराला गेले, तिच्यात चढताना ते कंडक्टरला विचारायचे, गाडी मूललेच जाते ना. कंडक्टर हो म्हणायचा. मग आत जाऊन, कंडक्टरला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते एखाद्या प्रवाशाला हाच प्रश्न पुन्हा विचारायचे. दोन्ही उत्तरं जुळली की बसायचे, तेही खिडकीशी, रस्ता तोच आहे ना हे पाहता यावं म्हणून. माझं लग्न ठरायच्या आधी ते वर्ध्याला येऊन आमच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे दाढी करून गेले होते. दाढी होईपर्यंत त्यांनी माझी सगळी माहिती काढली, आणि मग हा न्हावी खरं बोलला की आमच्या घरच्यांनी पढवलेला होता, हे तपासायला पुढच्या चौकातल्या दुसऱ्या न्हाव्याकडे गेले. एका सकाळी दोन दाढ्या. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या बैठकीत त्यांचा गाल सोललेला होता त्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

एकदा त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वाघाचे पंजे उमटले. त्या भागात ही काही नवलाची गोष्ट नाही. लोक त्या दिवशी शेतात जात नाहीत, इतकंच. मामाजी मात्र चार माणसं घेऊन पंजांच्या मागोमाग जंगलाच्या कडेपर्यंत जाऊन आले. गावाने विचारलं, गेला का वाघ. ते म्हणाले, "गेला हे दिसते. पन थो खरंच गेला, का आपल्याले दाखवाले गेला, हे कसं सांगाव?" त्यांच्या साडूचा मुलगा मोहर्लीला जंगल पाहायला येणाऱ्या पर्यटकांची जिप्सी चालवतो. त्याने एकदा मोबाइलवर वाघिणीचा सुंदर फोटो दाखवला. मामाजींनी तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, ही इतकी गुमान उभी काऊन हाये.

अशा माणसाच्या शेतात मी हरभऱ्याची चाचणी घ्यायला गेलो, हा माझा वेडेपणा. मी तेव्हा कडधान्यांच्या एका संशोधन केंद्रात अकरा महिन्यांच्या करारावर होतो. धान कापल्यावर मातीत जी ओल उरते, तेवढ्यावरच, वरून पाण्याचा थेंब न देता, हरभरा, मसूर आणि वाटाण्याचे कोणते वाण तग धरतात हे आम्हाला शेतकऱ्यांच्याच जमिनीवर पाहायचं होतं. त्या भागात कोरडवाहू जमीन कोणीही दिली असती, पण बायको म्हणाली, घरचे मामा असताना दुसऱ्याकडे कशाला. मामाजींनी नाही म्हटलं नाही. जावयाला नाही म्हणणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मामीजींनी पाटवड्यांचा रस्सा केला, मामाजींनी मला पाट दिला, आणि मी जेवत असताना माझी पिशवी उघडून बियाण्याची सगळी पाकिटं अंगणात ओळीने मांडली.

पाकिटांवर वाणांची नावं नव्हती, नुसते नंबर होते. नाव माहीत असलं की माणूस नकळत एका बाजूला झुकतो, म्हणून कोणत्या नंबराचा कोणता वाण हे एका बंद लिफाफ्यात केंद्रावर ठेवलेलं असतं. मलाही ते ठाऊक नव्हतं. मी हे समजावून सांगितलं. मामाजींनी डोळा बारीक केला आणि विचारलं, की ज्यानं काही केलं नाही तो नाव कशाला लपवील. पुढचे आठ दिवस प्रत्येक पाकिटातले शंभर दाणे त्यांच्या ओसरीवर ओल्या गोणपाटात झोपले होते. किती उगवले हे त्यांनी मोजलं, मग मामीजींकडून मोजून घेतलं. हरभऱ्याचा एकेक दाणा चावून पाहिला आणि दोन नंबर हा मूळचा पाच नंबरच आहे, फक्त धुऊन आणलेला, असा निकाल दिला.

तुलनेसाठी गावातला एक जुना वाण लागतो. तो मी आधीच्या खेपेला मामीजींच्याच मडक्यातून, राखेत ठेवलेला, घेऊन केंद्रावर दिला होता, आणि तोही एक नंबर लावून परत आला होता. म्हणजे मामाजींच्या घरचा हरभरा त्या पाकिटांत कुठेतरी होता, पण कुठे ते त्यांना माहीत नव्हतं. या एका गोष्टीने त्यांची झोप गेली.

शेतात आम्ही तीन पट्टे आखले. प्रत्येक वाण तिन्ही पट्ट्यांत एकेकदा पेरायचा, आणि कोणता कुठे हे चिठ्ठ्या काढून ठरवायचं. चिठ्ठ्या मी काढू नयेत, हे मामाजींनी आधीच सांगितलं. मग त्यांनी स्वतः हात घातला, पण हात मध्येच थांबला. आपल्या हाताची आपल्यालाच खात्री नाही असं म्हणून त्यांनी मामीजींना घरून बोलावलं. मामीजी पिठाच्या हातांनी आल्या, चिठ्ठ्या काढून दिल्या आणि पोळी करपेल म्हणून लगेच गेल्या. तिसऱ्या पट्ट्याचा शेवटचा कोपरा चार नंबरच्या हरभऱ्याला आला. हा कोपरा बोडीच्या पाळीखाली होता. बोडी म्हणजे धानासाठी पाणी साठवायचं लहान तळं. दोरी आखताना तिथली माती माझ्या चपलेला चिकटली होती. मला ते जाणवलं. पण जागा कमी होती, दिवस कलत होता, आणि मी काही बोललो नाही.

पीक वर आल्यावर मामाजी दिवसातून चार वेळा शेतात जायचे. मी खुंट्या हलवीन म्हणून त्यांनी प्रत्येक खुंटीखाली एकेक खडा पुरून ठेवला होता. मसुरीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. इतक्या बारीक पानांचं झाड काय लबाडी करणार, असं त्यांचं मत होतं. वाटाण्याला ते 'पावना' म्हणायचे. त्यांचा खरा राग सहा नंबरच्या हरभऱ्यावर होता. ठेंगणा, फांद्या जमिनीलगत, फूल गर्द जांभळं, सगळ्यांच्या आधी फुलोऱ्यावर आलेला. "हा खालमानी हाये," ते मला म्हणायचे. "याच्या मनात काय हाये ते समजत नाई." त्या हिवाळ्यात एकही पाऊस झाला नाही. उंच, देखणा चार नंबर पहिल्या दोन पट्ट्यांत पिवळा पडला, घाटे धरले ते फोल निघाले. तिसऱ्या पट्ट्यात मात्र तो गुडघ्याच्या वर गेला आणि घाट्यांनी लगडला.

नेमकी त्याच सुमारास शिवारफेरी ठरली. आसपासच्या गावांचे शेतकरी येणार, आमचे मोठे साहेब येणार. साहेबांनी मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, लोकांना आधी चांगला वाफा दाखवा. मी लोकांना तिसऱ्या पट्ट्याकडे नेलं. वाफा होताच तसा. लोक वाकून घाटे मोजू लागले, फोटो काढू लागले. हे बियाणं पुढच्या साली मिळेल का, असं दोघातिघांनी विचारलं, आणि साहेबांनी मान डोलावली. त्या शेतकऱ्यांकडे ना बोडी होती ना विहीर. त्यांची जमीन होती ती माझ्या पहिल्या पट्ट्यासारखी. हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि माझा करार मार्चमध्ये संपत होता हेही दिसत होतं.

मामाजी सगळ्यांच्या मागे उभे होते. ते पुढे आले, चार नंबरच्या मुळाशी उकिडवे बसले आणि बोटांनी माती उकरू लागले. मनगट बुडेपर्यंत उकरून त्यांनी एक मूठ काढली, दाबली आणि तो गोळा साहेबांच्या डाव्या हातावर ठेवला. मग पहिल्या पट्ट्यापर्यंत चालत गेले, तिथली तितकीच खोल माती आणली आणि साहेबांच्या उजव्या हातावर ठेवली. ती बोटांतून भुरभुर गळून गेली.

"साहेब," ते म्हणाले, "दोनी जागी हरभरा एकच हाये. मंग इथी पिकलं कोन? हरभरा का बोडी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. खोटं बोलायची एक पळवाट होती. पण मामाजी डोळा बारीक करून माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "हो सर. पेरणीच्या दिवसापासून."

साहेबांना राग आला असणार. पण त्यांनी हात झटकले आणि लोकांना स्वतः सांगितलं की हा वाफा आम्ही धरणार नाही, आणि चार नंबर कोरड्या जमिनीत कोणी पेरू नये. जीपमध्ये बसताना ते माझ्याशी बोलले नाहीत. माझा करार पुढे वाढला, पण ते कळायला महिना जावा लागला, आणि तो महिना मला फार लांब गेला.

सगळे गेल्यावर मामाजी आणि मी धुऱ्यावर बसलो. खूप वेळ ते काडीने माती कोरत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "जवाईबापू, मी पेरनीच्या दिसापासून पाहून राह्यलो होतो. मले वाटे, चिठ्ठ्या गुंडाळतानी काईतरी करून तुमीच थो कोपरा चार नंबरले देला. घरचा मानूस, बोलाव तर कसं बोलाव. तुमच्यासंगं जेवाले बसो, पन घास गोड लागे नाई."

जगातल्या प्रत्येकावर मोकळेपणाने संशय घेणाऱ्या या माणसाने माझ्यावरचा संशय इतके दिवस एकट्याने गिळून ठेवला होता. मी म्हणालो, मामाजी, ओल मला दिसली होती आणि मी गप्प बसलो, ही चूक माझी. पण कोपरा मी दिला नाही, चिठ्ठी तुमच्याच डोळ्यांसमोर मामीजींनी काढली होती. त्यांनी काडी टाकली. चेहरा इतका मोकळा झाला की क्षणभर ते दहा वर्षांनी तरुण दिसले. मग हळूच घराकडे नजर गेली आणि डोळा बारीक झाला. "मंग," ते म्हणाले, "तिले कोनं सांगतलं असन?"

मळणी आणि मोजमाप झाल्यावर लिफाफा उघडला. कोरड्या पट्ट्यांत तग धरलेल्या हरभऱ्यांत दुसरा आलेला सहा नंबर हा त्यांच्याच घरचा होता. मी ओसरीवर बसून हे वाचून दाखवलं. पाकिटं कुठे तरी बदलली असतील, असं काहीसं मामाजी पुटपुटले. आतून मामीजी म्हणाल्या, की आपण तर फुलावरूनच ओळखलं होतं. मग सांगितलं का नाही, असं मामाजींनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी अख्ख्या गावाले इचारलं. मले कवा इचारलं?" त्या दिवशी मामाजी संध्याकाळपर्यंत शेतात होते. सहा नंबर कापून झाला होता, तरी त्याच्या रिकाम्या वाफ्यापाशी उभे होते, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

पुढची दोन वर्षं चाचणी बोडीपासून लांब, मामाजींनी निवडलेल्या जागी झाली. जागा निवडण्याआधी त्यांनी शेतात इतके खड्डे खणले की रानडुकरं येऊन गेली असावीत असं वाटावं. शेवटी कोरड्या जमिनीला एक मसूर सगळ्यांत सरस ठरली. मामाजी तिच्यासाठी अर्धी बांधी द्यायला तयार झाले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र कोणत्याच पिकाला मिळालेलं नाही. आजूबाजूच्या गावांतही ती पसरली. लोक मला सांगायचे, तुमचे मामाजी हो म्हणाले ना, मंग आमाले काई पाहाचं नाई.

मग त्यांचे गुडघे गेले. चिखलात पाय उचलेना. त्यांची मुलगी आणि जावई चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांनी मामाजी-मामीजींना तिकडे नेलं. शेती पुतण्याकडे आली. पुतण्या भला माणूस आहे. मी जे सांगेन त्याला हो म्हणतो.

यंदा कापणीनंतर मी नवे वाण घेऊन गेलो. पुतण्याने बांधी दाखवली आणि तो धान मोजायला निघून गेला. मामाजींच्या वेळी जी पेरणी दोन दिवस चालायची, ती दुपारच्या आत आटोपली. एवढ्यात मामाजींचा फोन आला. मला बरं वाटलं. आता चौकशी सुरू होईल म्हणून मी वही उघडून बसलो. त्यांनी विचारलं, जेवले का. मी हो म्हणालो. मग त्यांनी मुलीच्या दाराशी येणाऱ्या कंपनीच्या बसबद्दल काही सांगितलं, मामीजींच्या खोकल्याबद्दल सांगितलं. पेरणीचा विषय निघेना. शेवटी मीच म्हणालो, मामाजी, यंदा घाईत झालं, वरच्या कोपऱ्यातली ओल मी पाहिलेली नाही.

पलीकडून मामीजींचा खोकला ऐकू आला.

"राहू द्या जवाईबापू," ते म्हणाले. "तुमी केलं मनजे बरोबरच असन."

फोन ठेवला. उन्हं डोक्यावर होती, बांधी नीट आखलेली होती, काम काही उरलं नव्हतं. तरी मी धुऱ्यावर बराच वेळ बसून राहिलो. मला वाटत होतं, कोणीतरी येऊन काहीतरी विचारावं.