वर नाही, खाली

महाडात पुराची आमची पद्धत ठरलेली आहे. पोलादपूरहून नणंदेचा फोन येतो, "वहिनी, सावित्री फुगली." की मी कामाला लागते. कागदपत्रं, धान्य, गॅस, इन्व्हर्टर, या क्रमाने सगळं माडीवर. पाणी कुठून येणार आणि कुठवर चढणार, हे ठाऊक असतं. म्हणून वेळ मिळतो.

आमची मुलगी आखातात एका इस्पितळात नर्स आहे. तिकडे क्षेपणास्त्रं पडू लागली, विमानतळ बंद झाला आणि ती अडकली. इकडे मी फोनपाशी अडकले. एकदा बोलता बोलता तिच्या होस्टेलवर सायरन वाजला आणि मी ओरडले, "माडीवर जा! आधी माडीवर जा!"

"आई, पूर नाहीये हा! इथे खाली जायचं, तळघरात."

जिना उतरताना ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी लगेच तळघरासाठी यादी करून पाठवली: बूट खाटेपाशी, पाणी, पासपोर्ट, चार्जर.

मग बातम्यांत हायपरसॉनिक क्षेपणास्त्र आलं. आमचे हे मूळचे कुडपणचे, शेतावर वाढलेले. स्पीकरवर त्यांनी तिला विचारलं, "आवाजाच्या पाचपट वेग हाय म्हणतात. खरं काय गो?"

"बाबा, वेगाचं सोडा. लांबून येणाऱ्या बॅलिस्टिकचाही असतो तेवढा. तुम्ही गोफण मारायचात ना? दगड सुटला की कुठे पडणार ते कळतं. बॅलिस्टिकचं साधारण तसंच. उंच चढतं, रडारला लांबून दिसतं, वाट मोजता येते. त्या वाटेवर आपलं क्षेपणास्त्र सोडून ते पाडायचं, आणि आम्हाला सायरन द्यायचा."

"आणि हे हायपरसॉनिक?"

"ते कमी उंचीवरून येतं, म्हणून रडारला उशिरा दिसतं. शिवाय वाटेत वळतं. अडवणाऱ्याने थांबायचं कुठे?"

"घारीवानी," हे म्हणाले. "कुठलं पिल्लू उचलणार, शेवटपर्यंत नाय कळत."

"मग सायरन?" मी विचारलं.

"उशिरा वाजेल. कदाचित भलत्याच भागात."

माझी सगळी यादी वेळ मिळणार असं धरून केलेली होती. मी म्हटलं, "मग सायरनची वाट बघू नकोस. ड्यूटीवरही तळघराजवळच राहा."

"आई, वॉर्ड आठव्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद ठेवतात. श्वासाच्या मशीनवरची माणसं जिन्याने कशी नेऊ? आणि वेळ मिळाला तरी मी त्यांना सोडून उतरणार नाही."

"आईचं ऐक जरा!" हे खेकसले. तिला खाली आणायचा एकही रस्ता माझ्या हातात नव्हता.

"खाटा खिडकीपासून किती लांब आहेत?" मी विचारलं.

"लागूनच."

"आतल्या पॅसेजमध्ये प्लग आहेत?"

"आहेत," ती म्हणाली. "थांब हं, फोन ठेवू नकोस."

तिने कुणाला तरी हाक मारली. खाटेच्या चाकांची करकर ऐकू आली.

"मशीनची वायर आधी बघ," मी म्हटलं.

"आई, ते मला कळतं."

"बरं," म्हटलं, आणि दुसरी खाट हलेपर्यंत गप्प बसले.