फोरमनचं इटालियन

आमच्या फोरमनना ‘करीन’ हा शब्द वर्ज्य होता. काम सांगितलं की नुसती मान हलवायचे आणि संपलं की म्हणायचे, "झालं." मध्येच कुणी "होईल ना?" विचारलं, की हातातला पाना दाखवायचे. नागापूरच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. तो पाना मी पुष्कळदा पाहिला.

‘करीन’ न म्हणण्याचं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. "आमचा बाप ‘दिवाळीला येईन’ म्हनून जामखेडातनं गेला. आई दर दिवाळीला त्याचं ताट वाढायची. न्हाई आला. तवापासनं आपन येईन, करीन म्हनत न्हाई."

पुढे कारखान्यात इटलीहून मशीन यायचं ठरलं आणि ते शिकायला फोरमनना दोन महिने तिकडे धाडायचं ठरलं. त्यांनी रद्दीतून इटालियन शिकायचं पुस्तक पैदा केलं. पुढची पानं उंदरांनी खाल्लेली, मागची भेळवाल्याने वापरलेली. शिल्लक धडा एकच, भविष्यकाळाचा! फोरमन कानस चालवता चालवता पाढ्यासारखं घोकायचे, "फारो, फाराय, फारा." करीन, करशील, करील. डबा उघडला की "मांजेरो", म्हणजे खाईन. आणि ढेकर दिल्यावरही "मांजेरो"च, कारण ‘खाल्लं’चं पान भेळेसोबत गेलेलं.

"इटालियनमधून शब्द दिलेला चालतो वाटतं?" मी डिवचलं.

"तो कुनाला कळतोय?" म्हणाले, आणि चक्क लाजले.

जायच्या दिवशी आम्ही हार घेऊन एस.टी. स्टँडवर गेलो. त्यांची बायको, आमच्या वहिनी, एकच विचारत होत्या, "येनार ना तुमी?" सासूने वाढलेली ती ताटं त्यांनीही पाहिली होती. फोरमननी सवयीने खिसा चाचपला; पाना नव्हता. गाडी हलली तसे खिडकीतून ओरडले, "तोर्नेरो!"

"म्हंजी काय?" वहिनी गाडीमागे चार पावलं धावल्या.

"आल्यावर सांगतो!"

दोन महिने वहिनींनी मला भंडावलं. "भाऊजी, तुमाला ठावं असंल की!" ठाऊक होतंच; तो सगळा धडा ऐकून ऐकून मलाही पाठ झाला होता. पण सांगितलं आणि हा गृहस्थ आलाच नाही तर? या भीतीने मी अडाणी झालो. एवढं खोटं मी आयुष्यात कुणासाठी बोललो नाही.

ठरल्या दिवशी फोरमन त्याच स्टँडवर उतरले. हारतुऱ्यांना बाजूला सारून थेट वहिनींसमोर आले, बॅग खाली ठेवली.

"त्याचा अर्थ, परत येईन," म्हणाले. "झालं."