साडेनऊचा सूर्य

"अगं, तुझं तोंड कुठं गेलं?"

हे ताटावर बसले होते आणि माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण पुढ्यातली आमटीची वाटीही यांना दिसेना. म्हणाले, कडेचं सगळं दिसतंय, जिथं नजर लावावी तिथंच काळा डाग.

मुलाने कॅब बोलावली. गाडीत हे म्हणतात, "बरं झालं. पन्नास वर्षं तेच तोंड बघत होतो."

"गप्प बसा," मी म्हटलं. यांनी माझा हात धरून ठेवला होता.

डोळ्यांची डॉक्टर तरुण पोरगी होती. तपासून तिने मला विचारलं, "अम्मा, बाबूजी सूरज को देखते हैं क्या?"

"अर्घ्य देते हैं. रोज."

"कितने बजे?"

"साढ़े नौ."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

फरीदाबादला घरासमोर मोकळं मैदान होतं. तिथं हे उगवत्या लाल सूर्याला पाणी द्यायचे. मग मुलाकडे गुरुग्रामला आलो. इथं समोर टॉवर आहे, त्याच्यावर सूर्य यायला साडेनऊ वाजतात. हे पहाटेच पाणी सोडून मोकळे होत होते. मीच बोलले, "सूर्य दिसत नाही तर अर्घ्य कुणाला, भिंतीला?" त्यानंतर महिनाभर हे तळपत्या सूर्याकडे टक लावून, त्याची बारा नावं घेत उभे राहायचे.

डॉक्टरने समजावून सांगितलं. उजेडाने डोळ्याच्या मागच्या पडद्यात विषासारखं काही तयार होतं. ते निस्तरायला शरीर स्वतःच एन्झाइमं बनवतं. रोजच्या उजेडाला ती पुरतात. सूर्याकडे टक लावली तर विष जास्त होतं, एन्झाइमं कमी पडतात आणि पडदा जळतो. म्हातारपणी तर ती आधीच कमी झालेली असतात.

"मग त्यांचीच गोळी द्या," मी म्हटलं.

तशी गोळी नाही म्हणाली. सुधारलं तर आपोआप, काही महिन्यांत. नाहीतर नाही.

घरी आल्यावर मी यांना म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"तू बोललीस. डोळे माझे होते, मिटता आले असते."

रोज सकाळी हे एकेक डोळा झाकून माझ्याकडे बघायचे. मी हातातलं काम टाकून समोर बसायचे. चौथ्या महिन्यात म्हणाले, "नाक दिसलं. आहे तसंच आहे."

आता अर्घ्य पहाटेच होतं, भिंतीकडे तोंड करून. यांचा उजवा डोळा वाचला. डावा नाही.