गीझरवरचा पांढरा डबा

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. थोड्या वेळापूर्वी घरात सांगितलं, आता तुम्हाला सांगते — कारण तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात मी पत्रकं कोंबली आहेत. शारजात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, दारातच अडवून. भडकणारे हीटर, नकली चार्जर, दोष माहीत असून माल खपवणारे दुकानदार. ‘गप्प बसणारा गुन्हेगार असतो’ — जाड टायपातलं ते वाक्य माझंच. कुठल्या तोंडानं लिहिलं मी ते?

आपल्या इथला उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटके देतं, म्हणून आपण गीझर बंद ठेवतो आणि अंघोळीला गरम पाण्याचाच नळ सोडतो. बंद गीझरमध्ये, घरातल्या एसीच्या गारव्यात साठलेलं पाणी — तेच आपलं गार पाणी. उलटा कारभार, पण हात आपोआप त्याच नळाकडे जातो.

आणि मला घरी सर्किटं जोडायचा नाद. बाबांच्या माशांच्या टाकीला आपोआप लागणारा दिवा, आईच्या कुंड्यांना पाणी घालणारी छोटी मोटर. मग गीझर. फोनवरून चालू, फोनवरून बंद. आत रिले, म्हणजे बोर्डानं सांगितलं की वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. बाहेर पांढरा डबा, त्यावर हातानं चालू-बंद करायला एक बटण. आई शेजारणींना बोलावून दाखवायची.

एका खोलीत डॉमनिक अंकल भाड्यानं राहायचे. वसईचे, हॉटेलच्या लाँड्रीत कामाला, मी शाळेत होते तेव्हापासून आमच्याकडे. गीझरचा भिंतीवरचा स्विच येता-जाता बंद करायची त्यांना सवय. मी खेकसले होते — “अंकल, त्याला हात नाही लावायचा! ऑटोमॅटिक आहे ते.” “बरं बाय, तू इंजिनियर,” म्हणाले, हसले. आणि खरंच हात लावायचे थांबले.

त्या जूनमध्ये एका संध्याकाळी मी नवा प्रोग्रॅम टाकून बघत होते. चालू केलं — रिलेचा आवाज, टिक. बंद केलं — टिक झालंच नाही. मला ऐकू आलं नाही असं नव्हे. टिक झालं नाही हे मला नीट कळलं होतं. रिले गीझरच्या मानानं लहान होता, हेही माहीत होतं. मोठा मागवायचा कंटाळा केला होता. फोनवर ‘ऑफ’ दिसत होतं ना? मी जेवायला बसले.

सकाळी आईनं शॉवर सोडला.

ती किंकाळी — नाही, तिच्याबद्दल नाही लिहीत. मान आणि खांदा, फोडच फोड. बाबा ओरडत होते, “कुणी लावला गीझर?” मी डब्याला हात लावला. तापलेला. आत रिले ‘चालू’वरच चिकटून बसला होता. मी मुकाट्यानं भिंतीवरचा स्विच पाडला आणि म्हणाले — “अंकलनी बटण दाबलं असेल. ब्रश करायला तेच गेले होते.”

इतकं सहज निघालं. विचार करावाच लागला नाही.

“मी हात नाय लावला, भाऊ,” अंकल म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. ‘स्विच मी बंद करायचो, तुमच्या पोरीनं थांबवलं’ — एवढंच म्हणायचं होतं. म्हणाले नाहीत. बाबा म्हणाले, “निदान सॉरी तरी म्हणा!” आणि ते सॉरी म्हणाले. आईला. माझ्या रिलेबद्दल.

महिनाअखेरीला ते गेले. आधी कुठल्याशा गर्दीच्या खोलीत, मग रास अल खैमाच्या एका हॉटेलात. डबा मी काढून टाकला, “उगाच रिस्क नको” म्हणाले — तर मलाच शहाणी ठरवलं सगळ्यांनी! आणि पुढच्याच वर्षी मी ती पत्रकं लिहायला घेतली.

आज चहाच्या वेळी सांगून टाकलं. बाबा उठून बाल्कनीत गेले. आईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “जाताना मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही गं.”

मग अंकलना फोन लावला. एका दमात सगळं बोलले. ते म्हणाले, “मला तेव्हाच कळलेलं, बाय. जळका वास येत होता डब्याला.” “आईला सांगितलंस?”

“आत्ताच.”

“मग तिला दे फोन.”

आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. ती तिथे काय बोलते आहे, मला ऐकू येत नाही. मी बाहेर बसून हे लिहिते आहे. श्वास पूर्ण आत जातोय — खूप दिवसांनी. बटणाला अंकलनी हात लावला नव्हता. मी खोटं बोलले होते.