सड्यावरची इटली

खाडीच्या मुखाशी, आमच्या वाडीच्या बरोबर समोर, जांभ्याचा उंच कडा आहे. त्याच्यावर सपाट सडा, म्हणजे उघड्या कातळाचं माळरान. माझ्या लहानपणी तिथे लोक गुरं चारायला नि गवत कापायला जात, एरवी कोणी फिरकत नसे. आता तिथे रिसॉर्ट आहे. मालकाने कुठेतरी इटलीच्या किनाऱ्याचे फोटो पाहिले आणि तसंच बांधून काढलं. कमानी, दगडी कठडे, फिकट पिवळ्या भिंती, कुंड्यांतून लिंबाची झाडं. झाडांना लिंबं धरेनात, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी प्लास्टिकची बांधतात. मुंबई-पुण्याची माणसं तिथे येऊन लग्नं करतात आणि त्या लग्नांचे फोटो मी काढतो.

हा धंदा मला कोणी ताटात वाढून दिलेला नाही. वडील मच्छीमारी बोटीवर खलाशी होते. दहावीनंतर मी बाजारातल्या एका स्टुडिओत कामाला लागलो. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसाला स्टुडिओचा कोट चढवायचा आणि मागून चिमटे लावून तो अंगाबरोबर करायचा, हे माझं पहिलं काम. त्या एका कोटात अर्ध्या तालुक्याचे फोटो निघालेत. पुढे स्वतःचा कॅमेरा घेतला, मग स्वतःचं दुकान टाकलं, आणि प्रत्येक पायरीवर कोणाशी तरी भांडलो. लोक म्हणतात, हा घासाघीस फार करतो. करतो. न मागता मला आजवर फक्त सल्ले मिळालेत.

सड्यावर काम सुरू केलं ते मुंबईच्या एका स्टुडिओच्या हाताखाली. फोटो मी काढायचे, नाव त्यांचं लागायचं. तेही चाललं असतं. पण एकदा त्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर माझाच एक फोटो पाहिला. नवरा-नवरी कठड्याशी, मागे आमचा कडा, आणि खाली जागेचं नाव इटलीतलं. फोन करून विचारलं तर पलीकडचा म्हणतो, "तसं नाही दादा, तो मूड म्हणून टाकलाय." तो मूड मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून पुढच्या हंगामात लग्नांचं आयोजन करणाऱ्या बाईंशी मी थेट बोललो. रिसॉर्टवरची सगळी लग्नं त्याच बघतात. मी एकच गोष्ट धरून बसलो. प्रत्येक फोटोखाली माझं नाव आणि रत्नागिरी, दोन्ही आलं पाहिजे. तीन वेळा त्या चहा अर्धा टाकून उठल्या. शेवटी म्हणाल्या, "ठीक. पण मग तुम्हीही लिहून द्या. शेवटचा फोटो होईपर्यंत जागा सोडायची नाही. सोडलीत तर नाव निघालं." मी लगेच हो म्हटलं. शेवटच्या फोटोआधी जातो कोण? मला वाटलं, बाईंना फुकटात गुंडाळलं.

त्याच महिन्यात मी दुसरीही एक बाजी मारली होती, ती गावात.

शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आमच्या वाडीची एक रीत आहे. पालखी वाटेवर गडग्याशी, घराच्या दगडी कुंपणाशी, थांबते. तिथे घरच्या पुरुषाने पुढे होऊन खांदा द्यायचा आणि ती आत आणायची. खांदा द्यायला कोणी नसेल तर वाटेवरच नारळ घेऊन पालखी पुढच्या घरी जाते. पुढे गेलेली पालखी मागे फिरत नाही. घरांचा क्रमही ठरलेला. आमचं घर सगळ्यांत शेवटी. का, ते कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे पोचेपर्यंत भोई दमलेले, ढोलवाल्यांचे हात उतरलेले, पोरं पेंगुळलेली. वडील आयुष्यभर दारात जागत बसले आणि कधी चकार शब्द बोलले नाहीत. मी बोललो. देवळातल्या सभेत इतका बोललो की म्हातारी माणसं कानटोप्या सारख्या करायला लागली.

"क्रम बदलायचा तर कुणाला तरी शेवटी जावं लागंल," गावकर म्हणाले. पालखीचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे.

"आमच्या शेजाऱ्याला पाठवा. इतकी वर्षं दिवेलागणीआधीची चांगली वेळ त्याला मिळाली."

शेजारी आमच्या भावकीतलाच. माझ्या वर्गात होता. तो म्हणाला, "भावकीचा तरी विचार कर."

"भावकी आता सुतकापुरतीच उरली आहे," मी म्हणालो.

क्रम बदलला. उठताना गावकर म्हणाले, "पण मग वेळ पाळायची हां. कुणासाठी खोळंबा नाय."

"पाळा की," मी म्हणालो.

आदल्या वर्षी वडील गेले. वर्ष सरलेलं नव्हतं म्हणून पालखी दारावरून पुढे गेली, आणि आईने खिडकीतूनच हात जोडले. या खेपेला ती आत यायची होती. धाकटा भाऊ जहाजावर, त्याची सुट्टी पावसाळ्यात. म्हणजे खांदा द्यायला घरात मी एकटा. आईने शिमग्याच्या आधीपासून अंगण सारवायला घेतलं होतं. रोज फोनवर एकच प्रश्न विचारायची, "तू असशील ना रे?" त्या दिवशी सड्यावर लग्न होतं, पण ते सकाळचं. दुपारी जेवून मी मोकळा. निर्धास्त होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाईंचा निरोप आला. नवरीने एक फोटो पाठवला होता. इटलीतलाच. कड्याच्या टोकावर जोडपं, नवरीची लांब ओढणी वाऱ्यावर, आणि मागे पाण्याला टेकलेला सूर्य. असाच फोटो हवा. मुलगी वाईट नव्हती. तिला खरोखरच इटलीत लग्न करायचं होतं, सगळं ठरलंही होतं, पण तिच्या आजोबांना डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. आजोबांना मागे ठेवून जायला ती तयार नव्हती. म्हणून आमचा सडा.

मी बाईंना फोन लावला. "मॅडम, या दिवसांत आमच्याकडे सूर्य पाण्याला टेकत नाही. वरच धुरक्यात विरतो. तो फोटो होणार नाही. चारच्या उन्हात काढू, कडा सोन्यासारखा दिसतो."

"दादा, ॲपवर सूर्यास्ताची वेळ दिली आहे."

"वेळ बरोबर आहे. सूर्य दिसेल असं कुठं लिहिलंय?"

"तुम्हाला लवकर जायचंय का?"

माझं डोकं सटकलं. जायचं होतंच, पण धुरकंही खरं होतं, आणि ही बाई दोन्हींची एकच मोळी बांधत होती. मी चढ्या आवाजात बोललो. त्यांनी शांतपणे करारातली ती ओळ वाचून दाखवली. मीच लिहून दिलेली.

लग्नाच्या दिवशी दुपारी सगळे झोपले. मी गाडी काढून घरी जाऊन आईला समजावून यावं म्हणून मागच्या आवारात गेलो. एकेरी वाट, आणि माझ्या गाडीमागे जेवणवाल्यांचा ट्रक, त्यामागे जनरेटर, त्यामागे फुलांचा टेम्पो. ट्रकच्या ड्रायव्हरचा पत्ता नाही, तो खाली समुद्रावर गेला होता. जनरेटर सुरू होता, तो हलवला तर आजोबांच्या खोलीतला एसी बंद. गाडीने खाडीला वळसा घालून पुलावरून घर. सरळ बघितलं तर वाडी समोरच. पूर्वी कड्याखालून माणसांची ने-आण करणारी तर चालायची, पण पूल झाल्यावर ती बंद पडली. एखादा होडीवाला न्यायला आला असता, पण शिमग्याच्या दिवशी होडीवर असतो कोण?

ऊन उतरायला लागलं तशी तयारी सुरू झाली. फ्रेममध्ये नारळाचं झाड नको. इटलीत नारळ नसतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळाशिवाय कोपरा शोधायचा म्हणजे रात्रभर कूस न बदलता झोपण्यासारखं. लाल जांभ्यावर पांढरे पडदे अंथरले. खाली वाळत घातलेली जाळी दिसत होती, तिथे कुंड्या आणून ठेवल्या. मी कड्यावर गुडघा टेकून बसलो, आणि खाडीपलीकडून ढोल ऐकू आला.

मोठी लेन्स लावली. वाडीच्या चढावर गर्दी, गुलाल, मध्ये पालखीचं चांदीचं टोक. आमच्या घरापासून चौथं घर. खाली आमचं घर कुठे असेल ते मला ठाऊक होतं, पण मधल्या माडांमुळे काही दिसत नव्हतं.

"दादा, कॅमेरा इकडे," बाई म्हणाल्या.

खिशात फोन थरथरायला लागला. आई. "वरच्या घरात आली. तू कुठवर आलास?"

"इथेच आहे."

"इथंच म्हणजे? पुलावर?"

मी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आईचं बरं मला शिवीपेक्षा जड जातं.

मी गावकरांना फोन लावला. ढोलाच्या आवाजात ते ओरडून बोलत होते. "काका, थोडं थांबवा. वरच्या घरी जास्त वेळ नाचवा."

"सभेत कोण म्हणालं वेळ पाळा? आता पाळतंय तर थांबवा म्हणतोस."

"काका, वडील गेल्यानंतरची पहिली पालखी आहे."

"ते मला नाय ठाऊक? तुझ्या बापाबरोबर मी होडीवर गेलेला हाय. पण तुला थांबलं तर उद्या दुसऱ्याला थांबाया लागंल. गडग्याशी नारळ फुटंस्तवर बघतो. खांद्याचं तू बघ."

नवरी म्हणाली, "सूर्य आता खाली येतोय ना?" सूर्य लाल झाला होता, आणि त्याची खालची कड आताच पुसट व्हायला लागली होती. मी चार फोटो काढले. ढोल जवळ आला, म्हणजे आमच्या दाराच्या जवळ. मग थांबला. पुन्हा आईचा फोन. "गडग्याशी उभी हाय रे." तिच्या आवाजामागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती. आमच्या दारात, आमच्याबद्दल.

घरचा नसेल तर भावकीतला पुरुषही चालतो. तिथे असलेला एकच. मी आईला म्हणालो, "शेजाऱ्याकडे फोन दे."

"बोल," तो म्हणाला.

"पालखी दारात उभी आहे."

"दिसतंय. मी गडग्याशीच हाय."

"आमच्या घराचा खांदा दे."

"मी? भावकी तर सुतकापुरतीच उरली ना?"

"म्हणालो होतो."

"मग?"

"मग काय. तू दे."

तो हसला. बाजूच्या कोणाला तरी म्हणाला, "ऐकताय ना?" मग मला, "पुढल्या वर्षी शेवटचं घर कुणाचं?"

"बघू सभेत."

"सभा इथंच हाय. भोई खांदा बदलतायत. सांग."

बाई हातवारे करून मला बोलावत होत्या. नवऱ्याने नवरीची ओढणी वर धरली होती. मी आयुष्यात एवढ्या लवकर कुठलाच सौदा सोडलेला नाही. "माझं," म्हणालो.

"कायमचं."

"तू पुढल्या वर्षाचं बोललास."

"तेव्हा पुढल्या वर्षाचं बोललो. आता कायमचं बोलतोय. तुझ्याकडनंच शिकलो ना."

खालून ढोलाची एक थाप आली, निघण्याआधी देतात तशी. मी म्हणालो, "कायमचं."

"काकी, ऐकलंत?" तो आईला म्हणाला, आणि फोन तसाच चालू राहिला. पावलं, दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज, एकदम ढोल, आणि आईचं रडणं की हसणं, ते ओळखता आलं नाही. पालखी आत बसली. पालखी बसली की गावकर घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीला होकार देतात. मी फोन कानाला धरून, दुसऱ्या हाताने कॅमेरा तसाच रोखून बसलो होतो. गावकरांचा आवाज आला, "जो ह्या घरचा धनी गेला, त्याच्या लेकरांना संभाळ. एक समिंदरात हाय, एक समोर सड्यावर अडकून पडलाय, त्याला सोडवून घरी आण."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

मीही म्हणालो. मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण कठड्याजवळचे पाहुणे वळून बघायला लागले. "दादा, प्लीज," बाई म्हणाल्या. तोवर पाण्याच्या बराच वर, धुरक्यात, सूर्य नाहीसा झाला होता. आभाळ राखाडी. नवरी ओढणी धरून उभीच होती. "आता?" तिने विचारलं.

"आता नाही," मी म्हणालो.

तो फोटो बाईंनी नंतर मुंबईला पाठवून कोणाकडून तरी त्यात सूर्य बसवून घेतला. पाण्याला टेकलेला, मोठा, केशरी. कुठल्या किनाऱ्याचा होता देव जाणे. खाली मात्र माझं नाव आहे, आणि रत्नागिरी. करारात तसं लिहिलेलं आहे, त्यामुळे नाव काढून टाका असंही मला म्हणता येत नाही. लोक फोन करून विचारतात, अहो, असा सूर्य आपल्याकडे कुठून दिसतो?

यंदा पालखी आमच्याकडे शेवटी आली. भोई दमले होते, आईने त्यांना बसवून चहा दिला, आणि खांदा मी दिला. क्रम चुकीचा आहे, हे माझं म्हणणं आजही तसंच आहे. फोनवर दिलेला शब्द सभेत धरत नाहीत, असं मी पुढच्या सभेत मांडणार आहे. शेजाऱ्याच्या कानावर ते गेलंय. त्याने म्हणे सगळं रेकॉर्ड करून ठेवलंय.