न घेतलेली म्हैस

सही करायच्या आधी शेवंताआत्या पदराला हात पुसायची. मग एकेक अक्षर सावकाश काढायची. मागं रांग ताटकळली तरी तिला फिकीर नसे. कुणी कुरकुरलं तर मान न वळवता म्हणायची, "थांबा वाईच. नाव माझं हाय, घाईनं लिवायचं न्हाय."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. ऐन तिशीत आमच्या वस्तीवरच्या विहारात बायकांचा वर्ग निघाला आणि तिथं ती लिहायला शिकली. स्वतःचं नाव पहिल्यांदा धड लिहिता आलं त्या दिवशी तिनं आम्हां सगळ्यांना शिरा खाऊ घातला आणि ह्या अंगठ्याला आता शाई लागायची नाही, असं जाहीर करून टाकलं. आम्ही हसलो होतो.

पुढं, १९७०चं दशक संपत आलं तेव्हा, तंबाखूच्या धुळीनं तिचा खोकला हटेना. डॉक्टरांनी वखार सोडायला सांगितलं. तिला शिवण येत होतं, बँक शिलाई मशिनीला कर्ज द्यायला तयार होती. फक्त गावच्या सोसायटीची बाकी नसल्याचा दाखला हवा होता. मी तेव्हा बेळगावला नुकतीच नोकरीला लागले होते, सुट्टी काढून तिच्याबरोबर गेले. सेक्रेटरींनी कागद चाळले आणि आत्याच्या नावावर म्हशीचं कर्ज थकलंय म्हणून सांगितलं. आत्यानं शांतपणे विचारलं, "म्हस मी घेतली म्हंता, मग इतकी वर्सं दूध कोन पितंय?"

कर्जाच्या कागदावर अंगठा होता. सोसायटीच्या आधीच्या कारकुनानं कुणाची तरी म्हैस हिच्या दावणीला बांधली होती. वस्तीवरची, वखारीत राबणारी बाई म्हणजे अंगठाच, हे त्यानं धरूनच चाललेलं. नवे सेक्रेटरी माणूस बरा. त्यांनी शाईचा डबा पुढं सरकवला. इथं अंगठा उठवा, दोन्ही ठसे ताडून बघतो, लगेच दाखला देतो, म्हणाले. मला हायसं वाटलं. आत्यानं हात पदराखाली घेतला.

"अंगठा देनार न्हाय. मेंबर झाले तवा सही केलीया. ती काढून बघा."

सभासदांचं जुनं रजिस्टर तपासणीसाठी बेळगावला गेलं होतं. तपासणीचे साहेब ते घेऊन येईपर्यंत थांबणं आलं. अख्खा पावसाळा आत्या वखारीत गेली आणि घरी येऊन ढासत बसली. वडील चिडायचे. एका ठशानं तुझं काय झिजतंय, म्हणून मीही वैतागायचे. ती पदर खोचून वखारीला निघायची.

दिवाळीच्या सुमाराला साहेब आले. रजिस्टरात कर्जाच्या कितीतरी आधीची सही सापडली, वाकडी, ओळ सोडून वर चढलेली. साहेबांनी तिला समोर सही करायला लावली, दोन्ही ताडून पाहिल्या आणि कर्ज तिच्या नावावरून काढायला लावून दाखला लिहून दिला. बाई, तेव्हाच अंगठा दिला असता तर एवढं थांबावं लागलं नसतं, असंही वर म्हणाले.

"व्हय साहेब," आत्या म्हणाली. "पर मग अंगठा जुळला न्हाय म्हनून सुटले असते. आता सही येती म्हनून सुटले."

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. निपाणीत अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं आणि 'कुणाची गं तू?' म्हणालं, की मी आधी तिचं नाव सांगते, वडिलांचं मागाहून.