चटणीचा तिसरा घास

मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या इंदूरच्या कॉलेजातून बारा पोरं सिलोनला गेली, त्यात मी होतो. माझ्या मुलांना हे अजून खरं वाटत नाही. त्यांचंही चूक नाही. हल्ली इथल्या इथे महूला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून माझं पोट बिघडतं.

आईने परवानगी दिली ती एका अटीवर. "मांस-मासळीला शिवणार नाहीस, एवढं कबूल कर. मग लंकेत जा नाहीतर आणखी कुठे." मी देवापुढे उभा राहून कबूल केलं. तिने दशम्या आणि शेवेचा डबा बांधून दिला. दशम्या खंडवा यायच्या आत संपल्या. शेव मात्र यजमानांसाठी जपली. म्हणजे, अर्धी जपली.

कोलंबोतल्या विद्यार्थ्यांनी एका दुपारी दोन-दोन पाहुणे वाटून घरी जेवायला नेले. मी आणि माझा एक मराठा दोस्त अशी आमची जोडी. त्याचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि तो घरातसुद्धा अर्धं हिंदीच बोलायचा. आमचा यजमान उंच, लाजरा, आमच्याच वयाचा. त्याला मी आधीच इंग्रजीत बजावलं होतं, मटण नको, मासे नकोत. तो म्हणाला, "आईला सांगितलंय, नुसत्या भाज्या."

त्याच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. ती हसायची आणि वाढायची. भात, डाळ, फणसाची भाजी आणि एक लालभडक खोबऱ्याची चटणी. पंधरा दिवसांत जिभेला पहिल्यांदा काही तिखट लागत होतं. इंदूरच्या माणसाला काय, चटपटीत मिळालं की तो देश आपला. पहिल्या घासानंतर मी चटणी मागून घेतली, दुसऱ्यानंतर पुन्हा मागून घेतली. यजमानाने आमची शेव भातावर घातली आणि तोही खूश झाला.

तिसरा घास तोंडात घातला आणि मला मोठेपणा सुचला. म्हटलं, "कृती सांग. माझ्या आईला करायला सांगतो."

तो बोटांवर मोजू लागला. "खोबरं, लाल मिरची, छोटे कांदे, लिंबू, मीठ. आणि थोडा सुका मासा कुटून. तो नसेल तर चव नाही."

घास तोंडात. मला वाटतं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आपण हिंग घालतो आणि विसरतो, तसा तो मासा. त्याची आई पळी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, आवडलं की नाही म्हणून.

मी गिळला.

बाहेर पडल्यावर दोस्त म्हणाला, "मला पहिल्याच घासाला कळलं होतं, भिया."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतका खूश होतास यार! फिकर मत कर, घरी मी काही बोलणार नाही."

त्याने शब्द पाळला. त्यामुळे माझी फारच पंचाईत झाली. सांगणारा मी एकटाच उरलो. मद्रासपासून खंडव्यापर्यंत मी खोटं बोलायचा सराव केला. घरी पाय धुतो न धुतो तोच आईने विचारलं, "खाल्लंस काय तिकडे?"

सगळा सराव वाया गेला. मी सांगून टाकलं. दोन घास न कळता, तिसरा कळून.

"तिसरा का?"

"त्याची आई समोर उभी होती."

आईने माझ्या सामानातला रिकामा डबा काढून घासायला ठेवला. मग म्हणाली, "जा, आधी अंघोळ कर. डोक्यावरून." मी न्हाऊन आलो, तर ती चुलीपाशी शेवेसाठी बेसन भिजवत होती. चार दिवस तिने मला देवघरात पाऊल टाकू दिलं नाही, पण शेव मात्र त्याच आठवड्यात डब्यात भरली.

"त्या बाईंना पाठव. आणि चिठ्ठीत यात काय काय घातलंय ते सगळं लिही," ती म्हणाली. "त्यांच्यातही काही चालत नसेल. बिचारीला आधी कळू दे."

बेसन, तेल, मीठ, ओवा, तिखट. मी एकेक लिहीत गेलो. हिंग विसरलो होतो. तो तिनेच मागाहून लिहायला लावला.